अर्धा तास छत्री

बाबुराव ओव्हाळांच्या मोटारसायकलचं कव्हर मी जाळलं, आणि तेही धो धो पावसात. एवढ्या पावसात एखादी वस्तू जाळायची तर अंगी काहीतरी असावं लागतं. माझ्या अंगी घाई होती.

वारज्यातल्या आमच्या सोसायटीत छपराखालची जागा चारचाकींना आणि उघड्यावरची दुचाकींना, असा नियम आहे. फलकावर तो माझ्याच अक्षरात लागलेला आहे, कारण सेक्रेटरी मी आहे. दुसरं कोणी तयार नव्हतं, एवढीच माझी पात्रता. तर जुलैतल्या एका गुरुवारी संध्याकाळी मी दूध घेऊन आत शिरलो, तेव्हा बाबुराव स्वतः भिजत उभे होते आणि त्यांची छत्री गाडीच्या इंजिनावर धरलेली होती. हे दृश्य आम्हाला नवीन नव्हतं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कांताबाईंची हाक आली, "अहो, वर या. पाय आखडलाय."

बाबुरावांनी छत्री माझ्या हातात दिली. "सेक्रेटरी, अर्धा तास धरा. मग झाका. कव्हर सीटवर आहे."

मी नऊ मिनिटं धरली. मग मला वाटलं, आपण एक शिकलेला माणूस, मोटारसायकलच्या डोक्यावर छत्री धरून उभा आहे, हातातलं दूध नासतंय. मी कव्हर घातलं. अगदी नीट, खालपर्यंत ओढून, दोरीची सुरगाठ मारून. घरी गेलो. शर्मिला कांदाभजी तळत होती. खाता खाता जळक्या प्लास्टिकचा वास आला. आमच्या आवारात कचरा कोण जाळतं, यावर उद्या फलक लावायचा असं मी तिथेच ठरवलं.

बाबुराव महापालिकेत व्हॉल्व्हमन होते. तेहतीस वर्षं लांबलचक लोखंडी किल्ली घेऊन पेठांतून फिरले. कसब्यात पहाटे पाणी सोडायचं, शनिवारात बंद करायचं, मग पुढचा व्हॉल्व्ह. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात पाणी पोचवलेल्या या माणसाचा निवृत्तीनंतरचा सगळा वेळ एका जुन्या शंभर सीसीच्या गाडीला पाणी लागू नये यात जात होता. पाणी कुठून शिरेल हे ते नुसतं बघून सांगत. प्लगच्या टोपीवर दुधाच्या पिशवीचा तुकडा, वर रबर. गाडीवर आधी कांताबाईंचं जुनं सुती लुगडं, ओल टिपायला. त्यावर ताडपत्रीचं कव्हर, जमिनीपासून वीतभर वर, वारा खेळायला. गाडी बाहेरून आली की इंजिन गार होईपर्यंत कव्हर नाही, आणि पाऊस असेल तर तोवर छत्री.

आम्ही हसायचो. "बाबुराव, एवढी गुंडाळताय, आता पाळण्यातच घाला," असं मी एकदा म्हटलं होतं.

"पाळणा म्हणायला तुम्ही येणार असाल तर घालतो," ते म्हणाले. दोरी ओढतच.

गाडीवर एवढा जीव का, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तर हसणं बेतात असायचं. कांताबाईंचं डायलिसिस चालू होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाची वेळ. सहाची म्हणजे सहाची. मशिनं मोजकी, मागे रांग. रिक्षात त्यांना मळमळायचं. मोटारसायकलवर वारं लागलं की बरं वाटायचं. येताना त्यांना ग्लानी असे, म्हणून बाबुराव एक पंचा दोघांच्या कमरेभोवती बांधायचे आणि पुलावरून वीसच्या वेगाने यायचे. मागचे हॉर्न वाजवत. फाटकाशी गाडी थांबली की बाबुराव आधी गाठ सोडायचे, मग हेल्मेट.

शुक्रवारी साडेपाचला मला किकच्या आवाजाने जाग आली. पाऊस रात्रभर थांबला नव्हता. एक किक, दुसरी, दहावी. शेवटी पायात चप्पल सरकवून मी खाली गेलो.

मी घातलेलं कव्हर सायलेन्सरला चिकटून वितळलं होतं. ताटाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या. त्या भोकातून वारं शिरून कव्हर एका बाजूने उलटं झालं होतं आणि रात्रभराचं पाणी थेट इंजिनावर पडलं होतं. खाली, कव्हरच्या घडीत राहिलेल्या लुगड्याचा करपलेला बोळा. कांताबाई जिन्याखाली वॉचमनच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, डोक्यावरून पदर. चेहरा सुजलेला.

"बाबुराव, मी लवकर झाकलं," मी म्हणालो.

"दिसतंय," ते म्हणाले, आणि परत किक मारली.

त्यांनी प्लग काढला, पुसला, फुंकला, परत लावला. माझी स्कूटर द्यावी म्हटलं, तर ती पावसाळ्यात सुरूच होत नसे. तिच्यावर कधी कोणी छत्री धरली नव्हती. मोबाईलवरच्या चार टॅक्सींनी हो म्हटलं आणि चारही जणांनी रद्द केलं. छपराखाली अकरा गाड्या कोरड्या ठाक उभ्या होत्या. मी तीन दारं वाजवली. दोन उघडली नाहीत. तिसरं श्यामसुंदर देवधरांच्या सासूबाईंनी उघडलं आणि सांगितलं, जावई गावाला गेलेत, किल्ली घेऊन.

"राहू द्या हो," कांताबाई मला म्हणाल्या. "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत." एवढं बोलून त्यांना धाप लागली.

रिक्षा मिळाली सात वाजून दहा मिनिटांनी. कांताबाईंना रिक्षात दोनदा उलटी झाली. मशिनवर दुसरा पेशंट लागला होता. त्यांना संध्याकाळी घेतलं, चार तासांऐवजी दोन तास. त्याच रात्री श्वास कोंडला म्हणून दाखल करावं लागलं. चार दिवसांनी घरी आल्या, पण जिना चढताना आता दर पायरीवर थांबायच्या. सप्टेंबरच्या शेवटी, परतीच्या पावसात, गेल्या. हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या शुक्रवारचं नाव कोणी काढलं नाही. सोसायटीत कोणालाच ते जोडावंसं वाटलं नाही. मी मात्र रोज जोडत होतो.

मी काहीच केलं नाही असंही नाही. जुलैतच कमिटीपुढे विषय ठेवला की ओव्हाळांच्या गाडीला छपराखाली जागा द्यावी. एकाला दिली तर उद्या सगळे मागतील, असं ठरलं. ऑगस्टमध्ये कोरम भरला नाही. तिसऱ्या बैठकीत एकमताने मंजूर झालं. फलक मीच लिहिला, मीच लावला. कांताबाईंना जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते.

बाबुरावांनी चष्मा लावून फलक पूर्ण वाचला. "अक्षर चांगलं आहे तुमचं," म्हणाले, आणि गाडी होती तिथेच ठेवली, उघड्यावर. ऑक्टोबरभर ते रोज ती बाहेर नेत होते. कुठे, ते मी विचारलं नाही. वॉचमन सांगायचा, पुलापर्यंत जातात आणि परत येतात, वीसच्या वेगाने. आल्यावर पाऊस असला तर छत्री घेऊन उभे राहायचे. मी गॅलरीतून बघायचो. खाली उतरून छत्री मागावी असं दर वेळी वाटायचं, पण माझ्या हातात त्यांनी ती आता का द्यावी?

नोव्हेंबरात त्यांची मुलगी आम्रपाली नागपूरहून न्यायला आली. ती तिकडे बँकेत आहे. गाडी तिच्या मावसभावाने नेली. जायच्या दिवशी सकाळी मी खाली स्कूटर पुसत होतो, तेव्हा बाबुराव एक घडी घेऊन आले. तेच कव्हर. भोकावर ताटाएवढंच गोल ठिगळ होतं, दुहेरी शिवणीचं, हाताने घातलेलं.

"घ्या. तुमच्या स्कूटरला होईल," ते म्हणाले. "लुगडं मात्र देत नाही. ते असू दे माझ्याकडे."

मी कव्हर घेतलं. ते जड होतं. चार महिने जे वाक्य मी अंघोळ करताना, भाजी घेताना, रात्री कूस बदलताना घोकत होतो, ते आता म्हटलं नाही तर नागपूरला फोन करून म्हणण्याइतका धीर माझ्यात नाही, हे मला ठाऊक होतं. वर जिन्यात आम्रपालीच्या बॅगेची चाकं पायऱ्यांवर आपटत होती.

"बाबुराव, त्या गुरुवारी मी अर्धा तास उभा राहिलो असतो तर वहिनी..." मी अडकलो. मग सरळच विचारलं, "माझ्यामुळे झालं का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग स्कूटरकडे. मग माझ्या हातातल्या घडीची सुटलेली दोरी त्यांनी नीट गुंडाळून आत खोचली.

"झाकायच्या आधी सायलेन्सरला हात लावून बघत जा," ते म्हणाले.