दोघा भावांच्या नावावरचं घर

माझ्या थोरल्या दिरांनी इंग्लंडात घर बघितलं आणि बहरीनला मनाम्यातल्या आमच्या दोन खोल्यांमधली शांतता गेली. खरं सांगायचं तर शांतता आधीही नव्हती, कारण मी होते. पण भांडायला विषय तरी रोज नवा असायचा. त्या वर्षी एकच विषय तीन महिने पुरला.

दिरांना आम्ही सगळे भाई म्हणायचो. वीस वर्षं ते तिकडे एका जुन्या गिरण्यांच्या गावात बस चालवत होते. भाबी आणि दोन मुलांना घेऊन भाड्याने राहायचे. त्याच गल्लीतलं एक घर विकायला निघालं. बँकेचं कर्ज नको, व्याज हराम, म्हणून दोघा भावांनी निम्मंनिम्मं घालायचं ठरलं. आम्हाला दोन मुली. आखातातली नोकरी व्हिसा आहे तोवर; उद्या मालक खलास म्हणाला की चंबूगबाळं आवरायचं. तेव्हा तिकडे एक छप्पर असावं हे मलाही पटत होतं. पण आमच्या ह्यांनी सलमाबादच्या गॅरेजात घाम गाळलेली सगळी वर्षं त्या एका घरात जाणार होती. ते गेलं तर आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

तिकडच्या वकिलाची पत्रं माझ्या ऑफिसच्या फॅक्सवर यायची. मी एका व्यापाऱ्याकडे टायपिस्ट होते. माझं इंग्रजी बरं, ह्यांचं कामापुरतं. शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकलं की मी पत्र वाचून समजावून सांगायचे. जमीन कायमची आपली, की मुदतीच्या पट्ट्याने? शेजाऱ्याशी सामाईक भिंत पडली तर दुरुस्ती कोणी करायची? घराची तपासणी करून घेणार का? आणि घर विकणारा हो म्हणाला असला तरी करारावर सह्या होऊन त्यांची अदलाबदल होईपर्यंत तोही मागे फिरू शकतो, तुम्हीही फिरू शकता. हे ऐकून आमचे हे उठून उभेच राहिले.

"जबान दिली ना त्याने भाईंना?"

"तिथे जबान कोणी विचारत नाही. सही लागते."

"मग कसले लोक म्हणायचे!"

आणि मग तो प्रश्न आला. वकिलाने अगदी शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सोपं करून लिहिलं होतं. दोन माणसं मिळून घर घेतात तेव्हा दोन रीती असतात. पहिल्या रीतीत घर दोघांचं मिळून एकच. एक वारला तर सगळं घर आपोआप दुसऱ्याचं. मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो, बायकापोरांना त्यातलं काही जात नाही. दुसऱ्या रीतीत ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा, आणि तो ज्याच्या त्याच्या वारसांना जातो. तुम्हाला कुठली हवी ते लेखी कळवा.

"दुसरी," मी म्हणाले. यात विचारायचं काय होतं?

"पहिली," हे म्हणाले.

मला वाटलं, यांना समजलं नाही. पुन्हा वाचलं. समजलं होतं. "भाई जिवंत असताना मी तोंडाने हिस्सा म्हणू? अब्बांच्या मागे त्यांनी मला वाढवलं. उद्या गावात काय तोंड दाखवू?"

आमच्याकडे हे असंच आहे. थोरला बसलेला असताना धाकट्याने हिस्सा हा शब्द काढायचा नाही. काढला म्हणजे घर फुटलं. मग कोकणातली आमची सगळी खाडीपट्टी विचारत बसते, बायकोने शिकवलं असेल. आणि या वेळी ते खरंच ठरलं असतं, मी शिकवतच होते.

"उद्या तुमच्या अंगावर एखादं इंजिन पडलं तर मी या दोन पोरींना घेऊन कुठे जाऊ?"

"भाई आहेत ना."

"भाई आहेत! अहो, शरियतीने विधवेचा हिस्सा ठरवलाय, लेकींचा ठरवलाय. अल्लाने दिलेला हिस्सा काढून घेणारे तुम्ही कोण?"

त्यावर ह्यांनी चप्पल घातली आणि खाली निघून गेले. ह्यांचं हे नेहमीचंच. भांडणात हरायला लागले की सिगारेट संपायची.

ऑफिसात मी दोन उत्तरं टाइप केली. एक ह्यांनी सांगितलेलं, एक माझं. दोन्हींवर ह्यांची सही होती, कारण मी पुढे केलेल्या कागदावर ते न बघता सही करायचे. तीन दिवस दोन्ही पर्समध्ये घेऊन फिरले. चौथ्या दिवशी फॅक्सपाशी उभी राहिले. भाईंना माझं उत्तर कळलं, ते दुखावले आणि म्हणाले की राहू दे, मी माझं वेगळं बघतो, तर? घरही जाईल आणि नवराही आयुष्यभर बोलणार नाही. मी ह्यांचं उत्तर पाठवलं, आणि माझं फाडून मालकाच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. इतकी चिडले होते की तो दिवसभर चुका करत टाइप केलं.

शेवटच्या कागदावरच्या सहीला साक्षीदार हवा होता, आणि तो नात्यातला नको. आमच्या इमारतीत नात्यातलं नाही असं माणूस शोधणं सोपं नव्हतं. शेवटी तळमजल्यावरची वसईची नर्स सापडली. सही करताना तिने विचारलं, "वाचलंय ना गं सगळं?" मी म्हटलं, "वाचलंय म्हणूनच झोप उडालीय."

घर झालं, आणि भाई-भाबी मुलांना घेऊन तिथे राहायला गेले. पुढची दोन वर्षं मी भीत जगले. ह्यांना यायला अर्धा तास उशीर झाला की मी खिडकीत जाऊन उभी राहायचे. नवऱ्याची काळजी होतीच, पण तिच्या पाठोपाठ ते घर यायचं. भाईंचा फोन आला, ते नेहमीच्या मायेने पोरींची चौकशी करायला लागले, की मी मनात म्हणायचे, तुमचं काय जातंय! त्या भल्या माणसाचा मी उगाच राग राग केला.

आणि एका सकाळी भाई गेले. बस डेपोत लावली, उतरले आणि तिथेच कोसळले. माझा नवरा लहान मुलासारखा रडला. मी त्यांना जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि माझ्या मनात आलं, मी सुटले. घर आमचं झालं. माझ्या पोरी वाचल्या. नवरा मिठीत रडत असताना मला हे सुचलं. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

हे दफनाला जाऊन आले. आठवड्याभराने वकिलाचं पत्र आलं. दुःख झालं, मृत्यूचा दाखला पाठवा, घर आता कायद्याने तुमच्या एकट्याचं आहे. भाबीच्या नावाने त्यात एक ओळ नव्हती. मी ह्यांना म्हटलं, भाबींशी बोला. हे म्हणाले, "ती इद्दतीत बसलीय, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायची नाही. आत्ता घराचा विषय काढू? लोक काय म्हणतील?" मला हायसं वाटलं. मलाही तो विषय काढायचा नव्हता.

महिन्याभराने, एका शुक्रवारी दुपारी भाबींचा फोन आला. मीच उचलला. वकिलाने त्यांनाही कळवलं होतं. बराच वेळ त्या पोरींचं विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "इद्दत संपली की आम्ही निघतो. पण थोरल्या पोराची परीक्षा उन्हाळ्यात आहे. तोवर राहिलो तर चालेल काय?"

"राहा ना भाबी," मी पटकन म्हणाले. "कितीही दिवस राहा."

त्या रडायला लागल्या. मला, माझ्या पोरींना दुवा देत राहिल्या. फोन ठेवला तेव्हा मला जरा बरंही वाटत होतं.

हे दारात उभे होते. "काय म्हणत होती?"

सांगितलं. मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. ते हळूच म्हणाले, "आपण भाडेकरूशी असं बोलतो गो."

मी तशीच फोनकडे वळले. दोनदा नंबर चुकला. घर तुमचंच आहे, अर्धं आजच कागदावर करून देतो, एवढंच सांगायचं होतं. तिसऱ्यांदा घंटा वाजली. भाबींनी उचलला, माझा आवाज ऐकला, आणि मी पुढे काही बोलायच्या आत त्यांनी घाबरून विचारलं, "काय गो बाय, विचार बदलला काय तुमचा?"