काकांचा दिल्लीचा स्वेटर

शिंप्याच्या हातावर आमच्या शेजारच्या काकांइतका अविश्वास अख्ख्या गिरगावात दुसऱ्या कुणी दाखवला नसेल. गोदीत कारकुनी करणारा हा माणूस सदरे, लेंगे, काकूंची पोलकी, एवढंच काय, छत्रीचं कापडसुद्धा घरच्या हातमशीनवर शिवायचा. माझ्या थोरल्या भावाच्या लग्नातला कोट त्यांनी हट्टाने शिवायला घेतला, आणि मंगलाष्टकं सुरू झाली तरी उजवी बाही लागायची होती. "फोटो डावीकडून काढा, बाही संध्याकाळपर्यंत देतो," म्हणाले. आणि दिली हो! भर पंगतीत आणून दिली.

संयुक्त महाराष्ट्रासाठी दिल्लीला मोर्चा न्यायचं ठरलं, तेव्हा आमच्या चाळीतून काकांनी पहिलं नाव स्वतःचं दिलं, दुसरं माझं. मला न विचारता. आता काकांना दमा, आणि दिवस ऐन थंडीचे. काकूंनी पदर खोचून बजावलं, "गळाबंद लोकरी स्वेटर अंगात असेल तरच उंबरा ओलांडायचा. नाहीतर मी दारात आडवी पडेन." चाळीत स्वेटर नावाची वस्तू कुणाकडे असणार? आम्ही मुंबईची माणसं, थंडी वाजली की फार तर मफलर. विकतचा घ्यावा, तर काकांची आयुष्यभराची ऐट गेली. "त्यात काय मोठंसं? शिवतो की!" काका म्हणाले.

लालबागच्या एका होजिअरीच्या कारखान्यातून त्यांनी विणीचं लोकरी कापड आणलं. कोरं कापड भिजवून वाळवल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्यांच्या घरचा कुळाचार. सुती कापडाला तो ठीक आहे हो! पण काकांनी लोकरही बादलीत बुडवली आणि गॅलरीच्या दोरीवर टाकली. पाण्याच्या वजनाने ती लांबत लांबत खालच्या मजल्यावर पोचली. खालच्या आजी ओरडल्या, "अरे, तुझं धोतर आवर आधी!" ते कापड मशीनखाली घातलं की ताणायचं, सोडलं की आक्रसायचं, कडा पापडासारख्या वळायच्या. शिवून झालं आणि काकांनी डोकं घातलं, तर गळ्याची शिवण टर्रकन गेली. कापड ताणलं, दोरा कशाला ताणतोय! तीनदा उसवून तीनदा शिवलं. निघायला दोन दिवस उरले, तेव्हा काका रडकुंडीला आले. "जन्मभर शिवत आलो रे, आणि नेमकं आत्ताच हे कापड ऐकत नाही."

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापल्या, कापडाखाली धरून कापडासकट शिवल्या आणि नंतर कागद फाडून काढला. शिवण सरळ आली! गळ्याला खांद्यावर दोन बटणं लावली, तेव्हा डोकंही सुखरूप गेलं. कागदाचे कपटे आत राहिले ते राहिले.

निघायच्या सकाळी काकांनी स्वेटर चढवला. अगदी बेतशीर बसला. नवऱ्यामुलासारखे काकूंसमोर गोल फिरले आणि त्यांना खोकला आला. आठ दिवस लोकरीची तुसं नाकातोंडात गेलेली, खोकला थांबेचना. धापा टाकत ते खाटेवर बसले. काकू पाठ चोळत राहिल्या. धाप जरा ओसरल्यावर काकांनी स्वतःच स्वेटर उतरवला आणि माझ्या डोक्यातून घातला.

"काका, अहो, तुमचा आहे तो..."

"गप. बाह्या दुमड, लांब होतायत तुला."

मी बाह्या दुमडल्या आणि एकटाच निघालो. दिल्लीत ती थंडी! हललो की माझ्या बगलेत वर्तमानपत्र कुरकुरायचं, आणि दर वेळी काकांची आठवण व्हायची. परत आलो तर काका जिन्याखालीच उभे. मोर्च्याचं राहिलं बाजूला, पहिला प्रश्न, "शिवण टिकली?"

"टिकली," मी खोटंच बोललो. काकांनी माझा हात धरून वर केला. उजव्या काखेत फाटलं होतं, तिथे मी सेफ्टी पिन लावली होती. माझी मान खाली गेली.

"घोषणेला हात वर केलास?"

"केला. रोज."

"मग फाटू दे," काका म्हणाले आणि किती तरी वेळ त्या पिनेवरून बोट फिरवत राहिले.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. स्वेटर माझ्या ट्रंकेत आहे. सुनेने परवा तो काढून सुईदोरा घेतला, तेव्हा मी तिला उगाचच रागावलो. ती काख तशीच राहू दे म्हटलं.