देवमन सरांची ओळ

मूर्तिजापूरच्या भाजीबाजारात, धाकट्या भावाच्या दुकानावर वांगी तोलत बसलेल्या देवमन सरांना आचलचा फोन आला, तेव्हा साडेदहा वाजले होते. कॉम्प्युटर क्लास बंद पडून चार वर्षं झाली होती, पण गावाने त्यांचं 'सर' काही काढून घेतलं नव्हतं. "सर, कोथिंबीर जराशी जास्त टाका ना," असं गिऱ्हाईक म्हणालं की त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"सर, एडिटर सर्व्हरले जुडूनच नाई राहिला. अकराले पेपर हाये. येता का तुमी?"

सरांनी तराजू भावाकडे सरकवला, हात धुतले, घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला. चार वर्षांनी कुणाला त्यांच्या हातातल्या विद्येची गरज पडली होती. माणूस अशा वेळी जरा नटतोच.

आचल त्यांच्या शेवटच्या बॅचची. क्लास मोडला तेव्हा सरांनी आठही कॉम्प्युटर आपल्या विद्यार्थ्यांनाच दिले, त्यातला एक तिच्याकडे होता. त्यावरच ती कोड लिहायला शिकली. आज पुण्याच्या एका कंपनीचा पेपर होता, घरी बसून द्यायचा, अकरा ते साडेबारा. त्यासाठी कोड लिहायच्या एडिटरमध्ये एक छोटी पुरवणी, म्हणजे एक्स्टेंशन, एडिटरच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायची होती, तिच्याशिवाय पेपर उघडणारच नव्हता. एडिटर रोजच्या वापरातला, पण त्यात नवीन काही उतरवायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती. ही नोकरी लागली नाही तर उन्हाळ्यात लग्न, असं घरात ठरून गेलं होतं.

सर आले, खुर्ची ओढून बसले. पडद्यावर तांबडी ओळ होती, सर्व्हरशी जोडणी झाली नाही म्हणून. त्यांनी ब्राउझर उघडून पाहिला, तर बाकीच्या साइट धडाधड उघडत होत्या.

"म्हंजे नेट हाये," सर म्हणाले. "नावाचा घोळ हाये. सर्व्हरचं नाव सांगितलं का त्याचा नंबर शोधा लागते, तो शोधणारा झोपला असंल." हे वाक्य ते क्लासमध्ये दर वर्षी म्हणायचे. त्यांना फार बरं वाटलं.

त्यांनी नंबर शोधून देणारा सर्व्हर बदलला, राउटर बंद करून चालू केला. तांबडी ओळ जागची हलली नाही.

अकरा वीसला आचल म्हणाली, "सर, मी वर्षालीच्या घरी जाऊ का? तिचा लॅपटॉप नवा हाये. गाडीनं दहा मिनिटं लागतीन."

"काहून? थांब ना पाच मिनिटं. झालंच समज."

ती थांबली. सरांचा शब्द मोडायची सवय त्या मुलीला नव्हती, आणि हीच तिची चूक झाली म्हणायची.

मग मोबाइलचं नेट जोडून झालं, फायरवॉल बंद करून झाली, एडिटर काढून पुन्हा टाकून झाला. पावणेबाराला तिने गाडीची किल्ली हातात घेतली. सर मागे न बघताच म्हणाले, "आता जाऊ नको, हातातोंडाशी आलं हाये." काहीही आलेलं नव्हतं. पण उठून बाजारात परत जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आचलने किल्ली टेबलावर ठेवली आणि ती घड्याळाकडे बघत उभी राहिली.

सव्वाबारा वाजून गेल्यावर, सगळे उपाय थकल्यावर, सरांनी होस्ट्स फाइल उघडली. त्या फाइलमध्ये एखाद्या सर्व्हरचं नाव आणि नंबर हाताने लिहून ठेवला, की कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला विचारतच नाही, डोळे मिटून त्याच नंबरावर जातो. तळाशी एक ओळ होती. त्याच सर्व्हरचं नाव, एक जुना नंबर, आणि पुढे टीप: 'कायमचा इलाज. देवमन सर.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

क्लासच्या दिवसांत तिथल्या नेटला या सर्व्हरचा नंबर शोधता यायचा नाही, पोरं खोळंबून बसायची. तेव्हा सरांनी नंबर मिळवून आठही कॉम्प्युटरमध्ये स्वतः लिहिला होता, आणि त्या दिवशी पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे सर्व्हर हलला, नंबर बदलला, ओळ तशीच राहिली.

त्यांनी ओळ पुसली. पुरवणी अर्ध्या मिनिटात उतरली आणि पेपर उघडला. बारा छत्तीस झाले होते. पानावर एवढंच लिहिलेलं होतं, की वेळ संपली आहे, पुन्हा संधी दिली जाणार नाही.

आतून आचलच्या आईने, रुख्मिणीबाईंनी विचारलं, "जमलं का सरजी?"

"जमलं," सर म्हणाले.

"मी म्हणतच होती! सर आल्यावर काहून नाई जमन?" त्या चहा ठेवायला वळल्या.

आचलने हळूच विचारलं, "काय होतं सर?"

नेटचा दोष होता म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. तेवढी सोय सरांना होती. पण ओळ पुसताना ती मागेच उभी होती की नाही, हेही त्यांना आता आठवत नव्हतं, आणि खोटं बोलायला आवाज लागतो, तो त्यांच्यापाशी उरला नव्हता.

"माही चूक होती, पोरी. ते ओळ मीच लिहून ठेवली होती, आठही कॉम्प्युटरवर."

आचलने पुढे होऊन पेपरचं पान बंद केलं. रडली असती तर सरांना सोपं गेलं असतं.

"मी अकरा वीसलेच म्हणलं होतं, सर," ती म्हणाली. मग किल्ली खिळ्याला अडकवत तिने विचारलं, "तुमी आठ कॉम्प्युटर देले होते ना? बाकी सात जणायच्या घरी आजच जाऊन या. त्यायचाही पेपर असंल कोणाचा."

सर चहा न घेताच निघाले. भर उन्हात, फाटकापाशी उभे राहून त्यांनी बोटांवर नावं मोजली. सहा आठवली. सातवा कॉम्प्युटर कोणाकडे गेला, ते काही केल्या आठवेना.