बिनपेटीचं समूहगान

अक्का गेल्याचं मला मोबाइलवरच्या निरोपातून कळलं. खाली लिहिलं होतं, ‘ज्येष्ठ भजनगायिका’. रडू यायच्या आधी संतापच आला. या बाईंनी कार्यक्रमात कधी एक भजन गायलं नाही हो...

अक्का भुसावळला संगीत शिकवायच्या. वडील रेल्वेत गँगमन. रूळ सरकवताना एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ देत पहारीवर जोर लावायचा. वडिलांचा डबा पोचवताना ऐकलेल्या त्या हाकांवर अक्कांनी बारा आवाजांची रचना बांधली; बारावा आवाज त्यांचा स्वतःचा. शब्द नाहीत, तबला नाही, पेटी नाही. फक्त हाक, ओ आणि मधला श्वास, तोही ऐकू जाईल असा. “दमलेला माणूस श्वास चोरून घेतो का गं?” असं त्या मला दरडावायच्या. सुरुवातीला आम्हाला हसूच आवरायचं नाही.

धुळ्याच्या स्पर्धेत तिसऱ्या हाकेला मागच्या रांगेतून दोन म्हाताऱ्यांनी खणखणीत ओ दिली. निवृत्त गँगमन होते दोघं. सभागृह हसलं आणि आमचे गुण गेले. बाहेर त्यातले एक आबा हात जोडून उभे राहिले, “हाक आयकी अन् तोंडम्हाईन निंघी गयं, अक्का. चुकनं आमनं.” अक्का मात्र हरखून गेल्या होत्या. परतताना एसटीतच त्यांनी वहीत लिहिलं, ‘श्रोत्यांतून ओ आली तर थांबू नये.’ परीक्षकांनी निदान पेटी घ्या असं सुचवलं होतं. त्यावर म्हणाल्या, “पेटी घेतली की गोड होईल. माझे बाबा काय गोड गात रूळ ओढत होते?”

गेल्या महिन्यात धुळ्याच्याच मंडळींनी श्रद्धांजलीला बोलावलं. “तेवढी पेटी घ्या ताई, लोक कंटाळतात.” मी नाही म्हणून सांगितलं. तरी गेलो तर मंचावर पेटीवाले बसलेलेच! त्यांना नमस्कार करून मी खाली बसायला सांगितलं. आम्ही अकरा जणी उभ्या राहिलो. दुसऱ्या हाकेला कुणीतरी माइक बंद केला. रुळावर कुणी माइक दिला होता का? आम्ही आवाज चढवला आणि शेवटपर्यंत गायलो. टाळ्या थोड्याच पडल्या. पडू देत.

तालीम अजून अक्कांच्या पुढच्या खोलीतच होते. त्यांच्या मुलाने किल्ली माझ्याकडे दिली आहे. परवा शेजारच्या काकू दारात आल्या, “बाई गेल्या, आता कशाला घसे फोडता गं?”

मी काकूंना हाताला धरून आत आणलं, अक्का उभ्या राहायच्या तिथे उभं केलं आणि म्हटलं, “काकू, आम्ही अकराच आहोत. हाक द्या.”