करडगी

माझा थोरला भाऊ अण्णा हैदराबादच्या एका संघाकडून पगारावर फुटबॉल खेळायचा. उन्हाळ्यात तो हुलसूरला आला. तो जेवायला बसला तेव्हा मला दिसलं, त्याच्या गळ्यात करडगी नव्हती. इष्टलिंगाची ही चांदीची डबी आम्हा लिंगायतांत मरेपर्यंत अंगावेगळी करत नाहीत. मी वाढत राहिले.

"लिंगपूजा न करता घास घ्यायलास व्हय?" अप्पांनी विचारलं. "करडगी कुठंय?"

"हैदराबादला, पेटीत. खेळताना समोरचा गडी तिचा दोरा धरून वढतो, अप्पा. कप्तान म्हणला, ती घालून उतरायचं न्हाई."

"दंडाला कामून बांधत न्हाईस?" आई म्हणाली.

"तिथं दुसऱ्याला लागती."

"मग खेळ सोड. दुकानात बस," अप्पा म्हणाले.

अण्णा भरल्या ताटावरून उठला आणि दुपारच्याच मोटारीनं परत गेला.

पावसाळा सरताना वर्तमानपत्रात त्याच्या संघाचा फोटो आला. त्यात अण्णाच्या सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या होत्या. अप्पांनी पेपर माझ्यापुढे धरला.

"तुझी नजर चांगली हाय. गळ्यापाशी दोरा दिसायलाय का बघ."

मी खिडकीपाशी जाऊन बराच वेळ बघितलं. मी उत्तर देण्याआधीच अप्पांनी पेपर परत घेतला.