पांझरेतला फोटो

आमचे हे अंधाराला भयंकर घाबरायचे.

आणि जन्मभर फोटो काढले ते रात्रीचे.

आज पहाटे गेले. फोन उचलायची ताकद नाही, म्हणून इथे ग्रुपवरच लिहितेय.

धुळ्यात ह्यांचा फोटो स्टुडिओ होता. दिवसा पासपोर्ट साइज, बारसं, लग्न. दुकान बंद झालं की कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकून गावभर. बंद बाजारपेठ, शेवटचा शो सुटल्यावरचं टॉकीज, रिकामा एसटी स्टँड.

एकटं जायची हिंमत नाही. मग सोबत कोण? मी. नवी नवरी! सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

एकदा विचारलं, इतकी भीती वाटते तर जाता कशाला? म्हणाले, कॅमेरा उघडा ठेवला की अंधारात काय काय आहे ते कळतं. मग जरा बरं वाटतं.

मग एकाहत्तरचं युद्ध आलं. ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद. कोणी विडी पेटवली तरी शेजारी ओरडायचे.

वरणगावचा दारूगोळ्याचा कारखाना काही फार लांब नाही, विमान वाट चुकून आपल्यावरच यायचं, असं जो तो बोलायचा. गावात हेर शिरलेत अशी रोज नवी आवई. पोरं काठ्या घेऊन गस्त घालायची.

आणि ह्यांच्या डोक्यात काय, तर पिठूर चांदण्यात एकही दिवा नसलेलं धुळं. असं गाव पुन्हा कधी मिळणार म्हणे!

मी नको नको म्हटलं. ऐकतील तर शपथ.

देवपूरच्या पुलावर कॅमेरा लावला. मला खाली पांझरेच्या कोरड्या पात्रात, खडकाला टेकून उभं केलं.

"शटर बराच वेळ उघडं राहील. हललीस तर फोटोत पुसली जाशील. मी सांगेपर्यंत हलू नकोस."

वर ते, खाली मी. एका कडेला पाण्याची बारीक धार वाजत होती. माझी छाती अशी धडधडत होती की तिच्यानेच फोटो हलेल असं वाटलं.

तेवढ्यात पुलावर लाल उजेड दिसला.

घड्याळ बघायला ह्यांनी टॉर्च लावला होता, लाल कागद गुंडाळलेला. डार्करूममधला माणूस! तिथे लाल दिव्याने फोटोचा कागद खराब होत नाही. त्यामुळे लाल उजेड म्हणजे उजेडच नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

गावाला तो विमानाला केलेला इशारा वाटला.

आधी धावत्या पावलांचा आवाज आला. मग काठीचा. मग ह्यांच्या कण्हण्याचा. तो अजून कानात आहे.

"तुनासंगे कोन शे? बोल!"

मी श्वास धरला. आता माझं नाव घेतील, आता सगळे खाली उतरतील.

"कोनी नही. मी एकलाच शे."

रात्री मोरीपर्यंत जायला मला उठवणारा माणूस हे बोलला. मार खाताना.

काहीतरी ओरडायला हवं होतं, आणि काय ते सुचेना. शेवटी तोंडातून निघालं काय?

"अहो, झालं का? हलू का मी?"

नदीतून बाईचा आवाज आला म्हटल्यावर दोघं तर हडळ समजून पळालेच. गस्तीतले एक म्हातारे आबा कठड्यावरून वाकले, मला बघितलं, आणि ह्यांच्याकडे वळले.

"बायकोले अंधारामा उभी करी दिधी व्हय रे?"

हेर म्हणून खाल्ल्या नसतील इतक्या शिव्या ह्यांनी नवरा म्हणून खाल्ल्या. चष्मा फुटला होता, ओठातून रक्त येत होतं, आणि हे त्या आबांना विनवत होते, आधी तेवढं शटर बंद करू द्या.

रात्र पोलीस चौकीत गेली. सकाळी ओळखीचे लोक आले तेव्हा सुटलो.

तोच फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. त्यातली बाई इतकी शांत कशी उभी, असं विचारता. शांत कसली, भीतीने थिजले होते मी.

गेला महिनाभर हे रात्री दिवा मालवू देत नव्हते. मी नुसती कूस बदलली तरी, "कुठे चाललीस?"

काल रात्री मात्र म्हणाले, "तू झोप. मी राहतो एकटा."

असलं खोटं हे त्याआधी एकदाच बोलले होते.

सकाळपासून ह्यांच्या उशाशी बसलेय. बाहेर माणसं जमलीत. लेक म्हणते, आई, आता ऊठ, वेळ झाली.

पुढच्या वाटेवर दिवा असतो की नाही, कोणाला विचारू? सोबतही कोणी नाही. ह्या वेळी खरंच एकटे निघालात.

सांभाळून जा हो.

झालं का? हलू का मी?