पाटावर बसायचा हट्ट

देवापुढे खुर्चीवर बसायचं म्हणजे काय, हे माझ्या मनाला पटतच नव्हतं. आमच्या पनवेलच्या घरात देवघर आहे ते सासूबाईंच्या वेळचं, जमिनीलगतचं. त्यातल्या पितळेच्या बाळकृष्णाची पूजा मी लग्न झाल्यापासून पाटावर मांडी घालून करत आले. खुबा झिजून चालणं बंद झालं, तेव्हा डॉक्टरांनी सांधा बदलला. खुब्यात एक वाटी, मांडीच्या हाडात दांडा आणि त्यावर वाटीत फिरणारा गोळा, असा नमुना त्यांनी माझ्या हातात देऊन दाखवला होता. "मागच्या बाजूने उघडलंय, तिथले स्नायू जुळून यायला वेळ लागेल. जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खाली वाकून वळायचं नाही," असं त्यांनी बजावलं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, देवाच्या कामात कसलं पथ्य?

एका शुक्रवारी हे फिरायला गेले तेवढ्यात मी आंघोळ करून पाटावर बसले. कशीबशी बसले आणि स्वतःवरच खूश झाले. दिवा लावला. बाजूच्या तबकातलं फूल घ्यायला वळले आणि आत काहीतरी सटकल्याचा आवाज झाला. पाय आखूड होऊन आत वळला. मी तिथेच आडवी पडले. बाळकृष्ण माझ्या नाकासमोर रांगत होता, आणि मला त्याचाच राग आला. तुझ्यासाठी बसले ना रे मी? हे परत येईपर्यंत मी त्याच्याशी भांडत होते.

दवाखान्यात भूल देऊन, न कापता, डॉक्टरांनी गोळा पुन्हा वाटीत बसवला. कसं झालं म्हणून विचारलं, तर मी म्हणाले, बाथरूममध्ये पाय घसरला. ह्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. एवढी शिकलेली बाई हट्टाने पाटावर बसली, हे सांगायची मला लाज वाटली.

संध्याकाळी डॉक्टर एक्स-रे घेऊन आले. बराच वेळ तो उजेडाकडे धरून म्हणाले, "नुसतं घसरून सांधा निसटायला नको होता. वाटी बसवलेला कोन अगदी काठावरचा, जेमतेम चालण्यासारखा दिसतोय. माझ्याच हातून चूक राहिली असेल. पुन्हा उघडून वाटी बदलावी लागेल." हे बोलताना त्यांचा चेहरा उतरला होता. ते गेल्यावर मी चादर तोंडावर ओढून घेतली. गरज नसलेलं ऑपरेशन मी स्वतःवर ओढवून घेत होते, आणि एका भल्या माणसाच्या हातांवर डाग लावत होते.

शेजारच्या खाटेवर उरणकडच्या एक आजी होत्या, त्यांचाही खुबा बदललेला. दिवसभर आमचं काही बोलणं झालं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "बाय, खाली बसलीस ना?"

मी चादर काढली. नाही म्हणायचं बळच उरलं नव्हतं.

"मी पन बसलेले. विळीवर मावरं, मासली कापाला. कोण बगतंय, म्हटलं." त्या थोडं हसल्या. "डाक्टरला सांगून टाक. रागवंल नि इसरंल. तुजा देव कंचा हाय?"

"बाळकृष्ण. पण तो खाली आणि मी खुर्चीवर, हे बरं दिसत नाही हो."

"तुला खाली जाता येत नाय, मंग त्याला वर घे. पोरच हाय ना तो?"

इतकं साधं होतं ते. मला रडू आलं. सकाळी डॉक्टर आल्यावर मी हात जोडून सगळं सांगितलं. ते खाली बघत होते, मग त्यांनी मोठा श्वास सोडला. "तसं बसून वळलात तर कुणाचाही सांधा निसटेल. वाटी राहू दे." रागावलेही, आणि मला ते बरं वाटलं. हे सांगायला मी शेजारी वळले, तर खाट रिकामी होती. आजींना पहाटेच घरी नेलं होतं. नावही विचारायचं राहून गेलं.

त्या आजींच्या तोंडून कोण बोललं, ते मी शोधत बसत नाही. इतकी वर्षं जमिनीला डोकं टेकवलं, पण खरी वाकले ती त्या सकाळी, पलंगावर पडल्यापडल्या. लाज अजून गेलेली नाही, आणि ती जाऊ नये असंच वाटतं. घरी आल्यावर ह्यांनी देवघर उचलून टेबलावर ठेवलं. आता मी खुर्चीवर बसते, आणि बाळकृष्ण वर येऊन थेट माझ्या डोळ्यांत बघतो.